पेडलची बोट काय फक्त बागेतल्या तळ्यापुरती?

"पेडलने पंखा (प्रोपेलर) फिरवायचा हा पोरखेळ आहे, वल्ह्याची सर त्याला येणार नाही. उलांडीने (होडीच्या बाजूला जोडलेल्या तरंगत्या आधाराने) पाणी अडतं, त्यापेक्षा तळ रुंद करा. पंखा हवाच असेल तर आउटबोर्डचा (होडीमागे टांगायच्या मोटरीचा) जुना बसवा." होडी बांधू पाहणाऱ्या हौशी मंडळींत या अर्थाचा सल्ला सारखा फिरत असतो. तो वाचून कोणी प्लायवूड कापायला घेण्याआधी थोडा हिशेब मांडू.

वल्ह्याचं आधी. 1991 मध्ये बोस्टनच्या चार्ल्स नदीवर एमआयटीच्या मार्क ड्रेला यांनी 'डेकाव्हिटेटर' ही पेडलची बोट 100 मीटरभर 18.5 नॉट, म्हणजे ताशी 34 किलोमीटर वेगाने पळवली. आठ वल्हेकऱ्यांच्या जागतिक दर्जाच्या नावेचा वेग ताशी 22-23 असतो. ही बोट पाण्याखालच्या पात्यांवर उचलली जायची आणि तिचा पंखा हवेत फिरायचा, म्हणून हवं तर तिला बाजूला ठेवा. मग 2008 मध्ये ग्रेग कोलोजेझिक यांनी मोंटानातल्या व्हाइटफिश तळ्यावर पेडल मारत 24 तासांत सुमारे 245 किलोमीटर कापले, त्याचं काय? जेसन लुइस आणि स्टीव्ह स्मिथ यांनी 1994-95 मध्ये 'मोक्ष' नावाच्या पेडल-बोटीतून अटलांटिक ओलांडला. पुढे लुइस हीच बोट घेऊन मुंबईहून जिबूतीला गेले. पोरखेळ म्हणायला हे अंतर जरा जास्तच होतं.

"मग शर्यतीत पंखा का नाही?" कारण शर्यत वल्ह्यांची असते. 1981 मध्ये वल्हेकरी पीटर-मिखाएल कोल्बे सरकत्या रिगरची (वल्हं टेकवायचा आधारच पुढेमागे सरकणारी) नाव घेऊन जगज्जेता झाला आणि 1983 मध्ये त्या रचनेवरच बंदी आली. नियमावली म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

खरी गफलत तळाच्या सल्ल्यात आहे. रुंद तळ डुलत नाही, हे खरं. पण साधारण माणूस तासभर 100 वॉटच्या आसपासच ताकद देऊ शकतो, आणि वेग दुप्पट करायचा तर ताकद जवळपास आठपट लागते. आखूड, रुंद तळ पाणी ढकलून लाटा उठवण्यातच ही ताकद खातो. सहा मीटर लांब आणि पाण्याच्या रेषेवर जेमतेम 40-45 सेंटिमीटर रुंद तळ लाटा फार कमी उठवतो. फक्त तो आपला आपण उभा राहत नाही.

तिथे उलांडी लागते. मध्यापासून एक मीटरवर 10 लिटरचा तरंगा पुरता बुडाला तर तो 10 किलो गुणिले 1 मीटर, म्हणजे 10 किलो-मीटरचा जोर (टॉर्क) लावून होडी सावरतो. 70 किलोचा माणूस 10 सेंटिमीटर बाजूला कलला तर भार पडतो 7 किलो-मीटरचा. बैठक खाली ठेवली तर एवढं पुरतं. मालवण-गोव्याकडची एका बाजूची उलांडी कायम पाण्यात असते, तिचं घर्षण लागतंच. पण दोन्ही बाजूंना छोटे तरंगे लावून ते पाण्याला निसटते टेकतील इतके उचलले, तर संथ पाण्यात अडणार काय? होडी कलेल तेव्हाच ते कामाला लागतात.

आउटबोर्डच्या पंख्याचा सल्ला मात्र सरळ चुकीचा. छोट्या मोटरीच्या पंख्याचा पीच (एका फेरीत पंखा जितका पुढे सरकतो ते अंतर) 18 सेंटिमीटर धरला, तर ताशी 9 किलोमीटरला तो मिनिटाला 830 वेळा तरी फिरायला हवा. पाय फिरतात 60 वेळा. म्हणजे एकास चौदाचं गियर, त्यात रुंद पात्यांचं घर्षण वेगळंच. याउलट 40 सेंटिमीटर व्यासाचा, दोन अरुंद पात्यांचा, पाऊण मीटरहून जास्त पीचचा पंखा एकास तीनवर आरामात चालतो. मोठा पंखा जास्त पाणी हळू ढकलतो, म्हणून ताकद कमी वाया जाते.

एका ठिकाणी वल्हं खरंच वरचढ आहे: उथळ खाडी, शेवाळ, तुटकी जाळी. पंख्यात दोरा गुंतला की खेळ संपला. त्यामुळे पंख्याचा दांडा वर उचलता येईल असाच बसवावा आणि एक वल्हं होडीत टाकून ठेवावं.