संदर्भासहित स्पष्टीकरण

आमच्या कंपनीत अकरा माणसं आहेत आणि त्यांत मराठी-इंग्रजी दोन्ही धड लिहिणारा मी एकटा. त्यामुळे मॅन्युअल, माहितीपत्रक, दिवाळीचं शुभेच्छापत्र आणि फाटकावरची ‘येथे गाड्या लावू नयेत’ ही पाटी, असं आमचं समग्र वाङ्मय माझ्याच नावावर आहे. आम्ही गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवतो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, सिंकिंग फंड, भाडेकरू ठेवला तर नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, थकबाकीदारांची यादी, सगळं त्यात होतं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर हा लेखही जाहिरात ठरेल, आणि त्या शब्दाचा मी आता धसकाच घेतलाय.

सुरुवात झाली कोथरूडच्या एका सोसायटीत, रविवारी सकाळी. साहेबांनी डेमो दिला. बिल एका क्लिकवर कसं निघतं ते दाखवलं (तीन क्लिक लागल्या, पण बोलता बोलता त्यांनी त्या एका दमात दाबल्या). चेअरमन खूश, सेक्रेटरी खूश. खजिनदार मात्र राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेले. सगळं ऐकून घेऊन त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि शांतपणे म्हणाले, “विकिपीडियावर तुम्ही दिसत नाही.”

“गूगलवर आहोत ना सर!” साहेब.

“गूगलवर आमचा इस्त्रीवालाही आहे.”

परत येताना कर्वे रस्त्याच्या सिग्नलपर्यंत साहेब काही बोलले नाहीत. सिग्नलला म्हणाले, “तिथं कोणीही लिहू शकतं ना रे?” मी हो म्हणालो. “मग तू कोणीही आहेसच की. उद्या संध्याकाळपर्यंत टाकून दे.”

ऑर्डर निघाली. मी कंपनीच्याच नावानं खातं उघडलं. इंग्रजी विकिपीडियावर नव्या माणसाला एकदम पान करता येत नाही. त्यासाठी खातं चार दिवसांचं व्हावं लागतं आणि हातून दहा संपादनं व्हावी लागतात, नाहीतर मसुदा करून तपासणीला द्यायचा. म्हटलं, देऊ मसुदा. माहितीपत्रकातला मजकूर उचलून चिकटवला: ‘पुढच्या पिढीचं, सर्वांगीण, वापरायला अत्यंत सोपं आणि सोसायटीच्या कारभारात क्रांती घडवणारं सॉफ्टवेअर.’ क्रांती म्हणजे बिल पीडीएफमध्ये जातं.

जेवून आलो तर मसुदा गायब आणि खात्याला टाळं. कारणं तीन. एक, मजकूर म्हणजे निखळ जाहिरात. दोन, खातं माणसाचं असावं लागतं, कंपनीचं चालत नाही. ही दोन्ही समजली. तिसरं वाचून मात्र मी खुर्चीतून उठलो: मजकूर अमुक वेबसाइटवरून चोरलेला आहे, कॉपीराइटचा भंग आहे. ती वेबसाइट आमची. तो मजकूर मीच दोन रात्री जागून लिहिलेला. स्वतःच्या घरात रात्री किल्ली लावून शिरावं आणि शेजाऱ्यांनी चोर म्हणून धरावं, तसं झालं. पण थंड डोक्यानं पाहिलं तर त्यांचंही बरोबर होतं. मी कोण, हे त्यांना कसं कळणार? आणि वेबसाइटच्या तळाशी ‘सर्व हक्क राखीव’ लिहिणारा तरी दुसरा कोण होता?

मग स्वतःच्या नावानं खातं काढलं. सदस्यपानावर कबुलीजबाब दिला, की मी या कंपनीचा नोकर आहे आणि हे पगार घेऊन लिहितोय. हा नियम जून 2014 पासून विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापराच्या अटींतच आहे. आधी सांगून टाकायचं की आपण भाडोत्री, मग लिहायचं. हे लिहिताना जरा लाजल्यासारखं होतं. तसे आपण सगळेच भाडोत्री, पण कोणी ते दारावर पाटी लावून सांगत नाही.

आता विशेषणं काढायला बसलो. ‘सर्वांगीण’ गेलं, ‘अत्यंत’ गेलं. ‘सोपं’ कोणी म्हटलंय? आम्हीच. गेलं. ‘क्रांती’ काढताना साहेब मागे उभे होते. त्यांनी माझा खांदा धरला, पण काढली. ‘शेकडो समाधानी ग्राहक’मधले समाधानी आधी गेले, मग शेकडो, मग पुरावा नाही म्हणून ग्राहकही. शेवटी मागे एक वाक्य उरलं: हे गृहनिर्माण संस्थांचे हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. आमची दहा वर्षांची तपश्चर्या एका ओळीत मावली, वर जागा उरली.

मसुद्यावर पिवळी चौकट आली. तपासणीला वेळ लागेल, धीर धरा, आणि मसुदे कोणत्याही ठरावीक क्रमानं तपासले जात नाहीत. साहेबांना हे पटेना. “म्हणजे टोकन नाही? मग आपला नंबर कितवा, हे कसं कळणार?” आरटीओपासून तहसीलपर्यंत ज्याची हयात गेली, त्याला नंबर नसलेली रांग कशी समजावणार? शिवाय तपासणारे सगळे बिनपगारी, ही दुसरी अडचण. “मग ते ऐकणार कुणाचं?” या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. नापास. शेरा: विषयाची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.

उल्लेखनीयता म्हणजे आपण किती चांगले, हे नव्हे. त्रयस्थानं आपल्याबद्दल, आपण न सांगता, भरपूर आणि विश्वासार्ह ठिकाणी लिहिलंय का, एवढंच ते बघतात. स्थळाची चौकशी करतात तसंच आहे हे. मुलाच्या मामाला विचारायचं नाही. मामा चांगलंच सांगणार. गल्लीतल्या वाण्याला विचारायचं. आमच्या यादीत होते ते सगळे मामा. आमची वेबसाइट हा सख्खा मामा. साहेबांच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकातली मुलाखत हा मावसमामा. मुलाखतीत माणूस स्वतःबद्दल स्वतःच बोलतो, ते त्रयस्थ धरत नाहीत. एका प्रदर्शनात मिळालेला पुरस्कार, जो स्टॉलचं भाडं भरलेल्या सगळ्यांना मिळाला होता. सॉफ्टवेअरची यादी देणाऱ्या दोन साइट, जिथे माहिती आम्हीच भरलेली. आणि आमचं भूषण, म्हणजे एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत आलेला साहेबांचा फोटोसह अर्ध्या पानाचा लेख.

हा लेख आमच्या ऑफिसात शिरताच समोर फ्रेम करून लावलाय. त्याबद्दलच तपासनिसानं लिहिलं होतं, ही पैसे देऊन छापलेली मजकुरी जाहिरात आहे, कृपया वरचा उजवा कोपरा पाहावा. मी उठून फ्रेमपाशी गेलो. कोपऱ्यात काही नव्हतं. मग फ्रेमची लाकडी पट्टी नखानं जराशी उचलली. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, ‘जाहिरात’. फ्रेमवाल्यानं नेमका तेवढाच भाग पट्टीखाली घेतला होता. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब पंख्याकडे पाहत होते.

त्यांचं मन वळवावं म्हणून मी दाखले द्यायला लागलो. खुद्द विकिपीडिया ज्यांनी 2001 साली सुरू केला त्यांतल्या जिमी वेल्स यांनी सप्टेंबर 2007 मध्ये केपटाऊनजवळच्या गुगुलेथूमधल्या म्झोलीज या मटणाच्या दुकान-कम-हॉटेलावर एक पान लिहिलं. बावीस मिनिटांत एका प्रचालकानं (पानं उडवायचा अधिकार असलेल्या संपादकानं) ते उडवलं. मालकाचं पान! पुढे चर्चा होऊन ते परत आलं, पण बावीस मिनिटं तरी मालकाची पत इस्त्रीवाल्याइतकीच होती. साहेबांना हे भयंकर आवडलं, पण चुकीच्या कारणानं. “म्हणजे आपण आणि ते एकाच पंगतीत.”

दुसरा दाखला डोना स्ट्रिकलंड यांचा. कॅनडातल्या या भौतिकशास्त्रज्ञांवरचा मसुदा मे 2018 मध्ये असाच परत गेला होता, पुरेसे त्रयस्थ संदर्भ नाहीत म्हणून. 2 ऑक्टोबरला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि पान त्याच दिवशी झालं.

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “नोबेलचे अर्ज कधी सुटतात?”

याच सुमारास साहेबांच्या मेलवर एक निरोप आला. आपला मसुदा नाकारला गेल्याचं आम्ही पाहिलं, वाईट वाटलं, आम्ही हमखास पान करून देतो, नंतर राखणही करतो. साहेब पाकीट काढायच्या बेतात होते. मी म्हटलं, थांबा, ही कथा जुनी आहे. 2015 साली विकिपीडियानं एका झटक्यात 381 खाती बंद केली होती. त्या टोळीचा धंदाच हा होता: नाकारलेले मसुदे हेरायचे, मालकाला गाठायचं, पैसे घेऊन पान चढवायचं आणि मग ते उडू नये म्हणून दरमहा पैसे मागायचे.

“म्हणजे हप्ता.”

“हप्ताच.”

साहेबांनी पाकीट खिशात घातलं. हप्ता हा शब्द नसता, तर मला त्यांना हितसंबंधांचं अख्खं धोरण वाचून दाखवावं लागलं असतं. काही गोष्टी मराठीतच समजतात.

त्यावरून त्यांना सुचलं, “मराठी विकिपीडियावर टाक की. आपलीच माणसं असतील.” मराठी विकिपीडिया 1 मे 2003 चा, म्हणजे मुहूर्तसुद्धा महाराष्ट्र दिनाचा. तिथं सराव करायच्या जागेला धूळपाटी म्हणतात आणि गप्पांच्या जागेला चावडी. हे ऐकून साहेब विरघळले. “बघ, किती घरगुती!” घरगुती होतंच. धूळपाटीवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. पण पाटीवरून पानावर न्यायची वेळ आली तेव्हा प्रश्न तोच आला, शुद्ध मराठीत: उल्लेखनीयता? इंग्रजीत नापास झालो तेव्हा परक्यांनी नाकारल्यासारखं वाटलं होतं. मराठीत काकांनी नाकारल्यासारखं वाटलं. (माझा बालिशपणा, बाकी काही नाही. ज्या भाषेत केतकरांनी एकहाती संसार मांडून तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढला, तिथं आमच्या पीडीएफ-क्रांतीला कोण विचारतो?)

मग एके सकाळी मोबाइल वाजला. कोथरूडचे खजिनदार. आमचं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं नव्हतं, तरी निरोप होता: “अभिनंदन. छापून आलात.” खाली कात्रणाचा फोटो.

बातमी पाव पानाची, पण जाहिरात नव्हे. कोपरा मी दोनदा मोठा करून पाहिला. बातमीदारानं स्वतः हिंडून लिहिलेलं. आमच्या सॉफ्टवेअरचं नाव दोनदा, दोन्ही वेळा शुद्ध. त्रयस्थ, सविस्तर, विश्वासार्ह. मला इतका आनंद झाला, की बातमी काय आहे हे नीट वाचण्याआधीच मी ती मसुद्यात संदर्भ म्हणून टाकली. मग तटस्थ शैलीत सारांश लिहायचा म्हणून वाचायला घेतली.

एका सोसायटीतल्या निवृत्त प्राध्यापकांनी थकबाकीच्या व्याजावरून समितीला हैराण केलं होतं. सोसायटीच्या तेव्हाच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला जास्तीत जास्त 21 टक्के व्याज घेता येत होतं, आणि तेही सरळ व्याज. आमचं सॉफ्टवेअर दर महिन्याला व्याजावर व्याज चढवत होतं. प्राध्यापकांनी तीन वर्षांची बिलं वहीत मांडून, हातानं गुणाकार करून, ते शोधलं. फोटोत ते वही उघडून बसले होते.

आता काय करायचं? माझ्यातला नोकर म्हणत होता, काढ. माझ्यातला भाडोत्री-पण-प्रामाणिक सदस्य म्हणत होता, आपल्याविरुद्धचा संदर्भ आपणच काढला, तर इतिहासात दिसतं. तिथं कोणी काय खोडलं, ते सगळ्यांना वाचता येतं. या घोळात असतानाच तपासनिसाचा शेरा आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यात जिव्हाळा होता: हा संदर्भ उत्तम आहे, असे आणखी दोन-तीन मिळाले तर पान होऊ शकेल.

मी शेरा साहेबांना मोठ्यानं वाचून दाखवला.

“असेच?” साहेबांचा आवाज फुटला. “असे आणखी दोन-तीन?”

प्रोग्रामरनं दुपारपर्यंत व्याज दुरुस्त केलं. मसुद्याचं मात्र काही करता येईना. आपण काढायला सांगितलं तर लोकांचं लक्ष जाईल, असं साहेबांचं मत. मी म्हटलं, एक मार्ग आहे. ज्या मसुद्याला सहा महिने कोणाचा हात लागत नाही, तो रद्दीत काढतात. आपण फक्त गप्प बसायचं. अकरा माणसांना ताकीद दिली गेली की कोणीही त्या पानाकडे फिरकायचं नाही. साहेबांनी टेबलावरच्या कॅलेंडरवर तारखेभोवती लाल गोल केला, आणि रोज येता-जाता मला नुसतं बोटांनी विचारायचे, किती राहिले?

पाच महिने आणि बावीस दिवस झाले. काल सकाळी मी सहज डोकावलो, हात न लावता. कोणीतरी रात्री येऊन गेलं होतं. नाव अनोळखी, खातं जुनं, बदल एकच: मी जिथं ‘व्याज’ लिहिलं होतं, तिथं ‘चक्रवाढ व्याज’ केलं होतं आणि पुढे बातमीचा पान क्रमांक जोडला होता.

साहेब आत आले, त्यांनी भुवया उंचावून आठ बोटं दाखवली. मी कॅलेंडर उचललं आणि सहा पानं उलटली.