नर्मदा आली का?

बाहेरगावच्या नातेवाइकांना हा प्रश्न ऐकून हसू येतं. आम्हा इंदूरकरांच्या घरात मात्र एक दिवसाआड पहाटे पहिला हाच प्रश्न. आमच्याकडे नळाला पाणी येत नाही, नर्मदाच येते. मग धावपळ: मोटर, हौद, गच्चीवरची टाकी. टाकी भरली की गच्चीवरून धो धो. समोरचे काका त्याच वेळी पाइप घेऊन गाडी, ओटा आणि अर्धा रस्ता धुतात. बोलायची सोय नाही, स्वच्छतेत नंबर आणणारं शहर आपलं!

पण काकांचं तरी काय चुकलं? अर्ध्या इंचाच्या कनेक्शनचं महिन्याचं बिल ठरलेलं. दोन बादल्या वापरा नाहीतर दोनशे, बिल तेच. पुढची बादली फुकट असेल तर हात आखडेल कोण?

ती बादली येते खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून. त्यासाठी १९७० साली इथं आंदोलन झालं, १९७८ ला पाणी पोचलं. नदीपेक्षा इंदूर जवळजवळ ४०० मीटर उंच. शाळेतलं गणित मांडलं तर हजार लिटर एवढं चढवायला एक युनिटच्या वर वीज लागते, पंपाची घट धरली की दीड-दोन. माणशी १३५ लिटरच्या सरकारी मापानं आमच्या पाच जणांना महिन्याला २० हजार लिटर, म्हणजे ३०-४० युनिट नुसती घाट चढायला. पालिकेनं २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) काढले ते याच पंपांना सौर वीज मिळावी म्हणून. आई म्हणते, "नर्मदामाईच्या पाण्याचे कसले पैसे?" माईचे नाहीत गं, घाटाचे!

म्हणून पाण्याला मीटर लावा म्हटलं की लगेच "गरिबांचं काय?" आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची वस्ती लाइनच्या शेवटाला. आम्ही सगळे लाइनलाच मोटर लावून खेचतो, तिथवर जोर उरत नाही. त्यांची गल्ली वर्गणी काढून टँकर मागवते. एका ड्रमला त्या मोजतात तेवढ्यात माझे कितीतरी ड्रम भरतात. स्वस्त पाणी मिळतं ते ज्याचा हौद मोठा त्याला.

मीटर हवाच, पण दर पायऱ्यापायऱ्यांनी चढणारा. दक्षिण आफ्रिकेनं २००१ मध्ये घरटी महिन्याला ६ हजार लिटर मोफत द्यायचं धोरण आणलं, तसं प्यायला, स्वयंपाकाला, अंघोळीला जवळजवळ फुकट द्या. ती गरज दर वाढवून कमी होत नाहीच. गाडी धुणं, लॉन, ओसंडणारी टाकी यांची मात्र होते. दिल्लीसारखा कडा नको. तिथं २० हजार लिटरपर्यंत शून्य बिल, वर एक लिटर गेलं की सगळ्याचंच बिल.

एक अडचण खरी आहे. एक दिवसाआडच्या पाण्यात मीटर सुरुवातीला हवेवरच गरगरतो, आणि हवेचे पैसे मीही भरणार नाही. आधी लाइन भरलेली ठेवा, मग मीटर लावा.

हे सगळं काल कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले आणि काकांचा एक मेसेज: "उद्या नर्मदा आहे ना?"