देणगी, म्हणे!

इंग्रजांनी आपल्याला लोकशाही दिली, की ती वैशालीच्या लिच्छवींच्या प्राचीन गणराज्यापासून आपल्याकडे होतीच? पुण्यातल्या आमच्या गोतावळ्यात महिनाभर हाच वाद पेटलाय. धाकटे काका लिच्छवींच्या बाजूनं, मेहुणा इंग्रजांच्या. मॅसॅच्युसेट्समध्ये बसून ते वाचताना माझं डोकं उठतं. मार्च 2022 पासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ महापालिका प्रशासकानं चालवली तेव्हा कुणी चकार शब्द काढला नाही, आणि आता वैशालीवरून हमरीतुमरी! (एफसी रोडवरच्या हॉटेलावरून नव्हे.)

मेहुण्याला विचारावंसं वाटतं, इंग्रजांनी दिली ती नेमकी कुणाला? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत, जेम्सटाउनला 30 जुलै 1619 रोजी निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. ती व्हर्जिनिया कंपनीनंच बोलावली होती, वसाहतीत माणसं टिकावीत म्हणून. त्याच वर्षी, महिन्याभरानं, तिथल्याच किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं विकली गेली. त्यांना कुठली सभा?

आमच्या मॅसॅच्युसेट्सची गोष्ट आणखी मजेशीर आहे. 1629 ची राजाची सनद होती एका व्यापारी कंपनीला. भागधारकांची सभा कुठं भरवायची, हे तीत लिहायचं राहून गेलं. कंपनीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप आणि मंडळींनी 1630 मध्ये सनदच उचलून जहाजावर घातली. इथं ती भागधारकांची सभा कायदेमंडळ झाली, आणि राज्याच्या विधिमंडळाला आजही जनरल कोर्टच म्हणतात. आपल्याकडेही सनद घेऊन कंपनीच आली होती, 1600 ची. पण तिचे भागधारक लंडनमध्येच बसून राहिले आणि आपल्या वाट्याला आला कलेक्टर.

फरक सनदेत नव्हता, माणसांत होता. इथले वसाहतवाले म्हणत, आम्ही इंग्रजच. 1215 चा मॅग्ना कार्टा आमचाही, 1689 चा हक्कांचा कायदा आमचाही. आमच्या प्रतिनिधींनी मान्य केल्याशिवाय कर नाही. आपले दादाभाई वेगळं काय सांगत होते? ते तर 1892 मध्ये थेट पार्लमेंटात निवडून गेले. तरी जेम्सटाउननंतर बरोबर तीनशे वर्षांनी, 1919 मध्ये, आपल्या हाती पडली द्विदल राज्यपद्धती: शाळा-दवाखाने मंत्र्यांकडे, पोलीस आणि महसूल गव्हर्नराकडे. मेहुण्याची देणगी ती ही.

आणि इथल्यांनाही आपली लोकशाही राखावी लागलीच. 1774 मध्ये पार्लमेंटनं कायदा केला की, मॅसॅच्युसेट्सच्या गावांनी वर्षातून एकच सभा घ्यायची, जास्त हवी तर गव्हर्नरची परवानगी. गावांनी सरळ धाब्यावर बसवला. आमचे पुणेकर मात्र निवडणुका लांबल्या तरी मिसळ खाऊन मोकळे.

आमच्या गावची टाउन मीटिंग, म्हणजे गावच्या मतदारांची सभा, अजून हायस्कूलच्या सभागृहात भरते. सांडपाण्याच्या पंपाच्या कलमावर तासभर काथ्याकूट होतो. एक आजोबा दरवर्षी फायनान्स कमिटीला तोच प्रश्न विचारतात आणि सभा चालवणारा मॉडरेटर शांतपणे ऐकून घेतो. कंटाळवाणं असतं, पण बजेट तिथंच मंजूर होतं. पुण्यात मी कधी प्रभागाच्या सभेला गेलो होतो का, असं मात्र कुणी विचारू नये.

कारण खरं सांगायचं तर मी इथंही मागच्या रांगेत असतो, मतदार नसलेल्यांसाठी दोरी बांधून ठेवलेल्या खुर्च्यांवर. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही. पुण्याच्या मतदार यादीत नाव नोंदवता येईल, पण मत द्यायला स्वतः जावं लागतं, आणि निवडणूक काही माझ्या रजा बघून लागत नाही. घरपट्टीचं बिल तेवढं न चुकता येतं. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही घोषणा जिथं गाजली तिथंच मी मुकाट्यानं भरतो.

बायकोनं नागरिकत्व घेतलंय. ती पुढं बसते, तिच्याकडं मतदानाचं कार्ड असतं. गेल्या वेळी नव्या फायर इंजिनाच्या ठरावाला तिनं कार्ड वर केलं. मी विरोधात होतो. जुनं अजून दहा वर्षं सहज चाललं असतं.