लिमाहून एका दिवसात ‘सगळे’

लिमाहून पहाटे निघून बायेस्तास बेटांवरील पेंग्विन आणि नाझ्काच्या वाळवंटातील प्राचीन रेषा एकाच दिवसात दाखवून रात्री परत आणून सोडतो, असे छातीठोकपणे सांगणाऱ्या सहल कंपन्यांनी पेरूचा नकाशा कधी उघडून पाहिला आहे काय? लिमापासून बेटांकडे बोटी सुटतात ते पाराकास सुमारे 250 किलोमीटर आणि नाझ्का सुमारे 450 किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन 900 किलोमीटरचा प्रवास आणि त्याच्या मधल्या फटीत कोंबलेली दोन जगप्रसिद्ध ठिकाणे. जाहिरातीत नाझ्काच्या रेषांतल्या हमिंगबर्डचे भव्य चित्र असते, प्रत्यक्षात आपल्या वाट्याला पुढच्या सीटची पाठ येते.

बोटीचे वेळापत्रक सकाळचेच असते, कारण दुपारी या किनाऱ्यावर वाळू उडवणारा जोरदार वारा सुटतो आणि समुद्र खवळतो. त्याबद्दल तक्रार नाही. बेटांवर उतरू देत नाहीत, तेही योग्यच आहे. परंतु जो काही वेळ बेटांपाशी मिळतो, त्यात तरी तोंड उघडून काही सांगावे की नाही? आमच्या वाटाड्याने सागरसिंहांकडे बोट दाखवून ‘फोटो काढा’ म्हटले, पेंग्विनांकडे बोट दाखवून ‘फोटो काढा’ म्हटले आणि त्या सबंध खडकावर पसरलेल्या पांढऱ्या थराकडे पाहून नाक दाबून दाखवले. तो थर म्हणजे ग्वानो, पक्ष्यांची विष्ठा, जिच्या खत म्हणून होणाऱ्या निर्यातीवर एकोणिसाव्या शतकात या देशाचा खजिना चालला, आणि जवळच्याच चिंचा बेटांवर स्पेनने 1864 साली कब्जा केला म्हणून युद्ध पेटले. हम्बोल्ट पेंग्विन याच थरात बिळे करून अंडी घालत असत आणि तो खरवडून नेल्यामुळे त्यांची घरटी गेली. यातले एक वाक्यही ज्याला सांगावेसे वाटत नाही, त्याच्या हातात ध्वनिक्षेपक कशासाठी दिला आहे?

सर्वांत जास्त चीड येते ती याची, की ही दोन ठिकाणे एकत्र पाहण्याला खरोखर अर्थ आहे आणि तोच कोणी सांगत नाही. किनाऱ्यालगत वाहणारा थंड हम्बोल्ट प्रवाह तळातील पोषक द्रव्ये वर आणतो, त्यावर अँचोवी मासे पोसतात, माशांवर पाणकावळे, बूबी आणि पेलिकन पोसतात. आणि त्याच थंड पाण्यामुळे किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडत नाही, म्हणून लोहाच्या ऑक्साइडने काळवंडलेले दगड बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी करणाऱ्या रेषा दीड-दोन हजार वर्षे टिकून राहिल्या. बेटांवरची गजबज आणि वाळवंटातली ती शांतता एकाच प्रवाहाची देणगी आहे. मधल्या तीन-साडेतीन तासांच्या बस प्रवासात हे सांगायला पाच मिनिटे लागली असती. त्याऐवजी आम्हाला मोठ्या आवाजात चित्रपट दाखवण्यात आला.

आणि मग पैसे! धक्क्याचे शुल्क वेगळे, अभयारण्याचे वेगळे, नाझ्काच्या धावपट्टीवर विमानतळाचे वेगळे. रेषा वरून दाखवणाऱ्या लहान विमानात बसवण्यापूर्वी प्रत्येकाचे वजन करतात, ते आवश्यकच आहे. 2022 साली असेच एक लहान विमान कोसळून त्यातील सातही जण मरण पावले, तेव्हा सुरक्षेच्या नियमांवर कोणी शहाण्या माणसाने कुरकुर करू नये. पण ठरावीक वजनापलीकडे जादा रक्कम भरावी लागेल, ही गोष्ट नोंदणी करतानाच का सांगत नाहीत? ती काउंटरवर, सगळ्या सहप्रवाशांसमोर, मोठ्याने सांगण्यात कोणता आनंद आहे? आणि ज्यांच्या पॅकेजमध्ये विमान नव्हतेच, त्यांना महामार्गालगतच्या निरीक्षण मनोऱ्यावर चढवून ‘नाझ्का रेषा पाहून झाल्या’ असे जाहीर केले गेले. त्या मनोऱ्यावरून ‘हात’ आणि ‘झाड’ या दोन आकृती नीट दिसतात. तिसरी सरड्याची आहे, जिला पॅन-अमेरिकन महामार्गाने मधोमध कापून टाकले आहे. हा मनोरा 1976 मध्ये मारिया राइखे यांनी उभारून घेतला, लोकांनी गाड्या रेषांवर घालू नयेत म्हणून. ज्या बाईने आयुष्य या वाळवंटात मोजमाप करण्यात आणि रेषा झाडूने साफ करण्यात घालवले, तिचे नाव वाटाड्याच्या तोंडून एकदाही निघाले नाही.

नाव निघाले ते परग्रहवासीयांचे. आकृती आकाशातूनच दिसतात, म्हणजे आकाशातल्यांसाठीच काढल्या असणार, हा युक्तिवाद हा गृहस्थ मोठ्या गांभीर्याने ऐकवत होता. अहो, पेरूचे पुरातत्त्वज्ञ मेहिया शेस्पे यांनी 1920च्या दशकात या रेषा पायी फिरताना पाहिल्या! जपानच्या यामागाता विद्यापीठाच्या चमूने 2024 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने शोधलेल्या 303 नव्या आकृतींपैकी बहुतेक लहान आहेत आणि पायवाटांच्या कडेला आहेत. म्हणजे त्या वाटेने चालणाऱ्या माणसांना दिसाव्यात अशाच काढलेल्या. ज्यांनी भर उन्हात दगड वेचून हे घडवले, त्यांचे श्रेय उचलून यानात घालून पाठवण्याचा उद्धटपणा त्यांच्याच भूमीवर पैसे घेऊन चालतो.

पाराकासला एक मुक्काम आणि नाझ्काला एक मुक्काम केला, तर हे सगळे निवांत पाहता येते. दोन्ही गावांत राहण्याची सोय आहे, दोन्हीकडे नियमित बस जाते आणि सकाळच्या धुक्यामुळे उड्डाण लांबले तरी थांबायला वेळ उरतो. आमचे उड्डाण लांबले, तेव्हा परतीच्या बसचा चालक हॉर्न वाजवत होता.