प्रतिक्रियेला उत्तर: कृमींची पतवंडं आणि तुमचा 'भोंदूपणा'

'सड्यावरचा' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

रोगट जिवाणू टाळायला शिकलेल्या सूत्रकृमींची ती सवय पुढच्या पिढ्यांतही उतरते, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: हे लामार्कचं भूत (आयुष्यात कमावलेले गुण पोरांना मिळतात म्हणणारा तो जुना शास्त्रज्ञ), हा शास्त्राचा मुलामा दिलेला भोंदूपणा, पिढ्याही धड मोजता येत नाहीत, प्रयोग दुसऱ्यांना जमला नाही, आणि "आईच्या अंगचे जिवाणू पोरांना चिकटून येत असतील, एवढी साधी शंका तुम्हाला आली नाही?" नाव लपवून 'भोंदू' म्हणायला फारसं धाडस लागत नाही. असो.

पिढ्यांचं तुमचं बरोबर. मी 'नातवंडं' लिहिलं, तिथे 'पतवंडं' हवं होतं. रोगट जिवाणू खाणाऱ्या कृमीच्या पोटात अंडी असतात आणि त्या अंड्यांत पुढच्या पिढीची बीजपेशी आधीच वेगळी काढलेली असते. म्हणजे झळ एकाच वेळी तीन पिढ्यांना लागते. तिथवर त्याला वारसा म्हणू नये. दुरुस्ती केली आहे.

आता ती 'साधी शंका'. चौदा वर्षं याच कृमींना वाढवायच्या प्लेटा ओततोय, तेव्हा ती मला सुचली असेल, एवढा तरी विश्वास ठेवायचा. अंड्यांनी टच्च भरलेले कृमी एम-९ या क्षारांच्या द्रावणाने धुऊन नळीत घेतात आणि त्यात ब्लीच नि कॉस्टिक सोडा घालून हलवतात. शरीरं विरघळतात, जिवाणू मरतात, अंडी कवचामुळे तगतात. ऐकायला सोपं. पण आपल्याकडच्या उकाड्यात गणपतीत फोडलेली ब्लीचची बाटली शिमग्यापर्यंत मवाळ झालेली असते. मग पाच मिनिटांत शरीरं फुटत नाहीत, माणूस हलवतच राहतो आणि तोवर कॉस्टिक कवचातून आत पोचून अंडी मारतो. म्हणून मिनिटा-मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, निम्मी शरीरं फुटली की थांबायचं आणि अंडी तळाशी बसवून तीनदा धुवायची. ब्लीचचा वास उरता कामा नये.

धुतलेली अंडी ओपी-५० या साध्या जिवाणूंच्या, म्हणजे कृमींच्या नेहमीच्या खाण्याच्या, ताज्या प्लेटवर जातात. हे दर पिढीला. पणजीच्या अंगचा जिवाणू एवढ्या आंघोळींतून कसा तगतो, ते तुम्हीच सांगा.

मग पुढे जातं काय? तर लहान आरएनए, म्हणजे जनुकं दाबू शकणारे छोटे रेणू. प्रिन्स्टनच्या कोलीन मर्फी यांच्या गटाने कृमींना २४ तास स्यूडोमोनास या रोगट जिवाणूच्या पीए-१४ वाणावर ठेवलं. त्या जिवाणूचा पी-११ हा आरएनए कृमीच्या माको-१ जनुकाच्या एका तुकड्याशी जुळतो. जनुक दबतं आणि कृमी तो जिवाणू टाळू लागतो. त्यांच्या निष्कर्षानुसार हे पोरांपासून पुढे चार पिढ्या टिकतं, पाचवीत पुसलं जातं. पीए-१४ पंधरा अंशांवर वाढवलात तर पी-११ बनतच नाही आणि सगळा खटाटोप वाया. डीएनएची अक्षरं जागची हलत नाहीत, त्यामुळे लामार्कच्या जिराफाला इथे ओढू नका.

राहिला 'जमला नाही'चा मुद्दा. हाच प्रयोग करून पाहणाऱ्या क्रेग हंटर यांच्या गटाला हा परिणाम पहिल्या पिढीपलीकडे, म्हणजे पोरांपलीकडे, दिसला नाही, हे खरं. २०२५ मध्येच दुसऱ्या एका गटाला तो दुसऱ्या पिढीपर्यंत दिसला, हे मात्र तुम्ही सोयीस्कर गाळलंत. चाचणीत कृमीपुढे ओपी-५० आणि पीए-१४ असे दोन ठिपके ठेवतात. न शिकलेल्या कृमीला पीए-१४ आधी आवडतो आणि चाखल्यावर तासाभरात तो मत बदलू शकतो. म्हणून मर्फींचा गट ठिपक्यावर सोडियम अझाइड हे लुळं पाडणारं विष टाकून त्याला पहिल्या निवडीवरच खिळवतो. हंटर यांच्याकडे त्यासाठी थंडी वापरली होती. वाद चालू आहे, चालू दे. त्यात 'भोंदू' कुठे बसतो?

स्वतः करून बघायचं असेल तर मे महिन्यात कृमी खोलीत ठेवू नका. २५ अंशांपुढे यांची पिलावळ रोडावते, म्हणून थंड करणारा इन्क्युबेटर लागतो, आणि पावसाळ्यात लाइट गेली तर त्या प्लेटा टाकून द्यायच्या. ओपी-५० संपू देऊ नका, कारण उपासमारीचाही ठसा पुढच्या पिढ्यांत उतरतो आणि तुम्ही तो पीए-१४च्या नावावर खपवाल.