कवळीच्या बुरशीबद्दलचा तो फॉरवर्ड, एकेक मुद्दा घेऊन

आमच्या देवळाच्या ग्रुपवर आठ दिवसांत तीनदा आला हा मेसेज. म्हणे बुरशी लागते ती स्वस्त अ‍ॅक्रिलिकच्या (कडक प्लास्टिकच्या) कवळीला, महाग फ्लेक्झिबल कवळीला ती चिकटतच नाही, कवळी रोज टूथपेस्टने घासून चकचकीत ठेवली की झालं, आणि रात्री काढायची नाही, हिरड्या आकसतात. मी फोंड्याला डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी फ्लेक्झिबलचं बघू. ती नायलॉनची असते एवढं खरं, पण नायलॉन पॉलिश करणं किती किचकट असतं ते लॅबवाल्यांना विचारा, बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, जरा जास्त दाबला की मटेरियल तापतं आणि वर लव उठल्यासारखी दिसते. बऱ्याच चाचण्यांत नायलॉनवर कँडिडा, म्हणजे तोंडातली ही बुरशी, अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्तच बसलेली दिसलीय. फ्लेक्झिबल वाईट असं नाही, काहींना तीच लागते, पण बुरशी चिकटत नाही म्हणून दुप्पट पैसे घालू नका.

आता चकचकीतपणा. कवळीला दोन बाजू असतात हे मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावं. बाहेरची बाजू आम्ही प्यूमिस, म्हणजे घासायची दगडी पूड, लावून आरशासारखी करतो, पण टाळूला बसते ती आतली बाजू पॉलिश करतच नाही, तिथलं माप जरा बिघडलं तरी कवळी सैल होते, म्हणून साच्यातून निघते तशीच ठेवतो, बोट फिरवलं की खरखरीत लागते. कँडिडाची एक पेशी साधारण 5 मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान, ती त्या खाचांत शिरते आणि तिथे ना जीभ पोचते ना लाळ धड फिरते. वरच्या कवळीखाली टाळू लाल होतो तो बहुतेकदा यामुळेच, आणि बहुतेकांना दुखत नाही म्हणून कळतही नाही. बरं, गुळगुळीत केलं म्हणजे सुटलो असंही नाही. 1997 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी मांडलं की खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या खाली नेला तरी जंतूंचा थर आणखी कमी होत नाही. त्यातून कवळी तोंडात गेली की काही मिनिटांत लाळेतल्या प्रोटीनचा थर चढतो आणि बुरशी त्यालाही चिकटते, मग खालचं मटेरियल कुठलंही असो, रोजची सफाई चुकत नाही. आत मऊ लायनर, म्हणजे हिरडीला टोचू नये म्हणून दिलेलं अस्तर, असेल तर जास्तच सांभाळा, तो जुना झाला की खडबडीत होतो, वेळेवर बदलायला हवा.

टूथपेस्टचं तर मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या शेजारच्या काकी कवळी रिपेअरला घेऊन आल्या, दिव्याखाली तिरकी धरली तर पुढच्या दातांवर आणि गुलाबी भागावर बारीक ओरखड्यांचं जाळं, आणि प्रत्येक ओरखड्यात चहाचा तपकिरी डाग. दोन वर्षं कडक ब्रश आणि टूथपेस्ट. अ‍ॅक्रिलिक खऱ्या दाताच्या इनॅमलपेक्षा कितीतरी मऊ, ते घासून घासून त्या बुरशीला जागाच करून देत होत्या, आणि समजत होत्या की आपण स्वच्छता ठेवतोय. वाईट वाटलं मला.

रात्रीचं सगळ्यात घातक. दात गेले की हिरडीखालचं हाड झिजतंच, रात्री कवळी घालून ते थांबत नाही. उलट जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 जणांचा अभ्यास 2015 मध्ये छापून आला, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे 2.3 पट दिसला.

काकींना मी मऊ ब्रश आणि हात धुवायचा लिक्विड साबण सांगितला, आतली बाजू आधी घासा म्हटलं, रात्री साध्या पाण्यात ठेवा, कढत पाण्यात नको, वाकते. आणि टाळू लाल असेल तर डेंटिस्टकडे जा, औषध तोंडाला लावून कवळी तशीच ठेवली तर बुरशी परत येते. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "गो, आरशात बघितलं, टाळू लालच आहे." आता सोमवारी बांबोळीला डेंटल कॉलेजात नेतेय त्यांना.