दहा वेळा दहा पैसे

रविवारी सोसायटीच्या सभेत खजिनदार म्हणून कुणीतरी माझं नाव सुचवलं. मला ते पद नको होतं. टँकरची बिलं आणि पार्किंगच्या थकबाक्या कुणाला हव्या असतात? मी हात जोडून नकार द्यायला उठतच होतो, एवढ्यात चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "माझी हरकत आहे. मुलगा चांगला आहे, पण त्याला बेरीज येत नाही."

आणि सभेने ते मानलं! घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीवरून दीड तास भांडण होतं, पण या मुद्द्यावर एकमत. इतिवृत्तात नोंदसुद्धा झाली.

वास्तविक बेरीज हाच माझा धंदा. महाप्याच्या एका ऑफिसात मी हास्केल नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेत आकडेमोडीचा कोड लिहितो. तिथल्या एका सहकाऱ्याने सी ही दुसरी भाषा आणि हास्केल यांची शर्यत लावली होती, एक ते एक कोटी या आकड्यांच्या बेरजेची. सीला वेळ लागला शून्य, हास्केल कुठल्या कुठे मागे. लगेच स्लाइड झाली. आता, सीसाठी त्याने वापरला क्लँग हा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्रॅम, आणि तोही ऑप्टिमायझेशन, म्हणजे वेग वाढवायच्या सगळ्या युक्त्या, चालू ठेवून. तो कंपायलर एकेक आकडा मिळवत जाणारा असा लूप चालवायच्या भानगडीतच पडत नाही, उत्तर आधीच काढून ठेवतो. आणि हास्केल? ते या गृहस्थाने कंपाइलच केलं नाही, थेट जीएचसीआय या इंटरप्रिटरमध्ये चालवलं, जिथे तोच कोड कितीतरी संथ चालतो. असा माणूस 'परफॉर्मन्स' या विषयावर बोलतो आणि लोक वहीत लिहून घेतात.

म्हणून शनिवारी दुपारी मी घरी नीट मोजायला बसलो. ब्राउझर बंद. चार्जर लावलेला, कारण बॅटरीवर प्रोसेसर हात आखडता घेतो. एसी चालू, कारण तापला की तो आणखी मंदावतो. (माणसांसाठी एसी रात्री दहानंतर, हा आमच्या घरचा नियम. त्यावरून जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.) वेळ मोजायची क्रायटेरियन नावाची लायब्ररी लावली. 2009 साली ब्रायन ओसुलिव्हनने लिहिलेली ही लायब्ररी तोच कोड पुन्हा पुन्हा चालवते, सरासरी काढते आणि त्या सरासरीवर कितपत विश्वास ठेवायचा तेही सांगते.

तेवढ्यात बेल वाजली. काकांना मेडिक्लेमचा फॉर्म छापून हवा होता. काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत, आणि एकदा बसले की उठत नाहीत.

"पाच मिनिटं थांबा काका. लॅपटॉपला हात लावायचा नाहीये. मोजमाप चालू आहे."

"कसलं?"

"बेरजेला किती वेळ लागतो त्याचं."

"कसली बेरीज?"

"एक ते एक कोटी."

काकांनी पेपरच्या कोपऱ्यात काहीतरी खरडलं. "पन्नास लाख कोटी, वर पन्नास लाख. छाप आता फॉर्म."

"उत्तर नकोय काका, वेळ हवाय."

"उत्तर नकोय, तर बेरीज कशाला करतोस?"

नेमकं हेच हास्केल विचारतं. भाषा आळशी, आणि ही शिवी नव्हे, तिचा अधिकृत स्वभाव आहे. उत्तर कुणी मागत नाही तोवर ती हिशेब करत नाही. त्यामुळे मोजणाऱ्याने नीट मागितलं नाही तर भलतंच मोजलं जातं. क्रायटेरियनमध्ये 'डब्ल्यूएचएनएफ' म्हटलं की लाखभर आकड्यांच्या यादीचा फक्त पहिला कप्पा उघडून बघतात आणि यादी तयार म्हणून सांगतात. आमच्या रस्त्यावर बिल्डरची भव्य कमान उभी असते, कारंजंही असतं आणि मागे नुसता खड्डा, तसंच. 'एनएफ' म्हटलं तरच शेवटच्या आकड्यापर्यंत काम होतं. यादी असली की मी एनएफच वापरतो. हे इथे लिहून ठेवतोय, कारण आमच्या इतिवृत्तात ते येणार नाही.

शेवटी फॉर्म छापला. व्हायचं तेच झालं. छपाईने मोजमाप बिघडलं आणि क्रायटेरियनने शेरा मारला, तफावत 'सिव्हिअरली इन्फ्लेटेड', म्हणजे भलतीच फुगलेली. मी चिडून काकांना ऑफिसातली सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे त्या सीने माझ्यासारखंच केलं? सूत्राने?"

"साधारण तसंच."

"मग तो हुशार आहे की. तुझंच एक कोटी वेळा बेरीज करत बसलंय."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं म्हणाल. का म्हणून? मुद्दा माझ्या बाजूचा होता! आमचे खरे आकडे दशांशातले. दशांशात बेरजेचा क्रम बदलला की उत्तराचं शेपूट बदलतं, म्हणून कंपायलरला स्वतःहून क्रम बदलायची मुभा नसते. तिथे सीलाही राबावं लागतं. हे पटवायला मी शून्य दशांश एक दहा वेळा मिळवून दाखवलं. पडद्यावर आलं 0.9999999999999999.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. "दहा वेळा दहा पैसे, आणि रुपया होत नाही?"

"काका, द्विमान पद्धतीत एक दशांश पूर्ण लिहिताच येत नाही. संगणकात दशांश आकडे कसे ठेवायचे याचं 1985 सालचं आयईईई 754 नावाचं मानक आहे, बहुतेक भाषांत हेच येतं."

"1985 साली मी हाताने लेजर लिहायचो. दहा पैशांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत घरी सोडत नसत. तू काय, मानक म्हणून सोडून देतोस?"

"पैशांसाठी असे आकडे वापरायचेच नसतात! पूर्णांकात पैसे मोजतात, किंवा—"

"म्हणजे तुला माहीत आहे, तरी करतोस." फॉर्मची घडी घालून काका गेले. दुसऱ्या दिवशी सभा होती.

काकांचा राग मी समजू शकतो, त्यांनी निदान आकडा तरी बघितला. बाकी कुणाला काय मोजलं याच्याशी देणंघेणं नसतं, कोण जिंकलं एवढंच हवं असतं. इथे जाहिरातीत 'स्टेशनपासून दहा मिनिटं' छापतात. कधीतरी पहाटे तीनला कुणीतरी मोटारसायकलवर पोचला असेल, तो आकडा. मेट्रोचे खांब, मानपाड्याचा सिग्नल, शाळेच्या बसेस यांची सरासरी कोण काढतो?

सोमवारी मी त्या सहकाऱ्याला सविस्तर मेल लिहिला. दोन्ही भाषा कंपाइल कर, आकडे दशांशातले घे, किती आकडे मिळवायचे ते प्रोग्रॅम चालवताना दे, म्हणजे कंपायलरला उत्तर आधी काढून ठेवता येणार नाही. सोबत माझे आकडे जोडले, रात्री एकला, सगळे झोपल्यावर घेतलेले, फारशी तफावत नसलेले. त्याने अंगठा पाठवला. स्लाइड अजून तीच आहे, आणि पुढच्या महिन्यात ती बंगळुरूच्या टीमला दाखवणार आहेत.